पाय थांबवून विचारायचं

खरं सांगायचं तर त्या दिवशी मी काकांसाठी थांबलेच नव्हते. माझ्या डाव्या पोटरीत गोळा आला होता. मोहना गावाजवळ रस्त्याला लागून एक कडुलिंब होता, आणि त्याच्या सावलीत ते आधीच बसलेले होते. शेजारी त्यांची सायकल उलटी ठेवलेली. मी उतरले, पाय झटकला आणि शिष्टाचार म्हणून विचारलं, "ठीक हो अंकल?"

"एकदम. आप चलिए," ते हसून म्हणाले.

मी गेले नाही, कारण पाय वाकतच नव्हता. मग त्यांच्या सायकलीकडे नजर गेली. चेन तुटून लोंबत होती.

लांब पल्ल्याच्या या सायकल-सफरींना ब्रेव्हे म्हणतात. ती शर्यत नसते. पहिला-दुसरा नंबर कुणाचाच नसतो, फक्त ठरलेल्या वेळेत परत यायचं. आमची सफर दोनशे किलोमीटरची होती. सकाळी सहाला ग्वाल्हेरहून निघायचं, शिवपुरीच्या रस्त्याने जायचं आणि संध्याकाळी साडेसातच्या आत परतायचं. माझी ही पहिलीच. वय त्रेचाळीस. ज्या शाळेत मी शिकवते तिथे सगळ्यांना सांगून बसले होते, अगदी चपराशालासुद्धा. घड्याळात पावणेचार झाले होते, पन्नास किलोमीटर उरले होते. वेळ होता, पण उधळायला नव्हता.

काकांचं वय साठीच्या पुढचं. वीज खात्यातून निवृत्त झालेले, ग्वाल्हेरातच हजीऱ्याला राहणारे. मी विचारलं, हत्यार नाही का? त्यांनी खिशातून छोटं चेन टूल काढून दाखवलं. "सामान सब है, नज़र नहीं है." जवळचा चष्मा घरी टेबलावर राहिला होता. चेनमधली पिन त्यांना दिसतच नव्हती. तासभर ते अंदाजाने चाचपडत होते. एवढ्या वेळात दहा-बाराजण पुढे गेले होते, प्रत्येकाने विचारलं होतं, आणि प्रत्येकाला त्यांनी "एकदम ठीक" सांगितलं होतं.

मी चेनला आयुष्यात कधी हात लावला नव्हता. पंक्चरसुद्धा जयेंद्रगंजातल्या दुकानात नेऊन काढायची. पण डोळे माझ्याकडे होते आणि ज्ञान त्यांच्याकडे. ते दोन्ही टोकं धरून बसले, मी टूलची मूठ फिरवू लागले. "धीरे, धीरे. पिन पूरी बाहर नहीं आनी चाहिए." ती पुरी बाहेर आली आणि गवतात पडली. मग पुढची कडी काढावी लागली. दुसऱ्या वेळी माझा हात निसटला आणि त्यांचं बोट चेनमध्ये चिमटलं.

"आई गं!" ते ओरडले.

मी टूल हातात धरून त्यांच्याकडे बघतच राहिले. "काका, तुम्ही मराठी?"

बोट तोंडात घालून त्यांनी मान हलवली. मग दोघांनाही इतकं हसू लोटलं की पिन पुन्हा पडते की काय असं झालं. आमच्या ग्वाल्हेरात हे असंच असतं. बाजारात, बँकेत, डॉक्टरकडे आपण हिंदीत बोलतो आणि समोरचाही हिंदीत. कुणाची तरी आई आठवेपर्यंत कळत नाही. त्यांचे पूर्वज मराठा फौजेबरोबर आलेले, आमचे दरबारात कारकुनी करायला. "म्हणजे तुमच्या लोकांनी आमच्या लोकांचा हिसाब लिहिला असेल," काका म्हणाले.

चेन जोडून झाली तेव्हा साडेचार वाजले होते. दोन कड्या कमी झाल्याने चेन आखूड झाली होती, त्यामुळे चढावर लागणारे हलके गिअर त्यांना वापरता येत नव्हते. घाटीगावच्या चढावर ते उतरून चालू लागले.

"ताई, तुम्ही निघा. माझ्या मागे तुमचा टाइम खराब होईल."

मी निघायला हवं होतं. पाय पण तयार होते. पण अंधार पडत होता, ट्रकची वर्दळ होती, आडवा वारा सुटला होता, आणि तासाभरापूर्वी ज्यांच्याशी आपण आपल्या भाषेत पोट धरून हसलो त्यांना रस्त्यात सोडायचं कसं? मी थांबत राहिले. चढ संपला की ते सायकलवर बसत, मी पुढे राहून वारा अडवत असे.

आम्ही पोचलो तेव्हा सात वाजून अडतीस मिनिटं झाली होती. आयोजक टेबलं मिटत होते. त्यांनी पाणी दिलं, केळी दिली, पाठीवर थाप दिली. पण कार्डावर वेळेत पोचल्याचा शिक्का नाही.

मला पश्चात्ताप झाला नाही असं लिहिलं तर ते खोटं ठरेल. घरी येऊन मी स्वयंपाकघरात रडले. नवरा म्हणाला, "मग थांबलीस कशाला?" सोमवारी शाळेत प्रत्येकाला तीच गोष्ट सांगताना तर काकांचा रागच आला. चष्मा विसरतं का कुणी?

पुढच्या रविवारी ते दारात उभे. सोबत काकू, त्यांच्या हातात गुळाच्या पोळ्यांचा डबा. काकांच्या हातात एक जुनी चेन होती. "आज शिकवून जातो," म्हणाले. माझ्या बैठकीच्या फरशीवर वर्तमानपत्र पसरून त्यांनी मला ती चेन सात वेळा तोडायला आणि जोडायला लावली. काकू आणि माझा नवरा चहा पीत बघत होते. सातव्या वेळी काका म्हणाले, "आता हिला कुणी सांगायची गरज नाही."

तेव्हापासून दर रविवारी आम्ही दोघं सायकलवर निघायचो. "ताई"ची कधी "अगं" झाली कळलं नाही. दोन वर्षांनी मी माझी पहिली ब्रेव्हे वेळेत पूर्ण केली, तेही त्यांच्यासोबतच. पण त्या सफरीतला शिक्का मला फारसा आठवत नाही. आठवते ती घाटीगावच्या पुढची मुलगी.

सकाळची वेळ, धुकं नुकतंच विरलेलं. एका पुलाच्या कठड्यावर ती सायकल टेकवून बसली होती. असेल वीस-एकवीसची. पुढचे सगळे हात करत विचारत गेले, मीही पायडल मारतच विचारलं. "हाँ दीदी, ठीक हूँ." मी पुढे गेले. मागे वळून बघते तर काका उतरून कठड्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसलेले. मी चरफडत परतले. खिशातला पेरू काढून त्यांनी अर्धा तिला दिला, अर्धा स्वतः खाऊ लागले.

पाच मिनिटांनी ती म्हणाली की तिच्याच्याने होत नाही. घरच्यांनी आधीच सांगितलं होतं, हे तुझं काम नव्हे. चाळीस किलोमीटरमध्येच मांड्या पेटल्या आहेत, आता घरी फोन करणार.

काकांनी तिच्या सायकलचं मागचं चाक उचललं आणि फिरवलं. अर्धा फेरा झाला आणि चाक थांबलं. पुन्हा फिरवलं, पुन्हा थांबलं.

"बेटा, तुम कमज़ोर नहीं हो," ते म्हणाले. "ब्रेक घिस रहा है."

गाडीतून आणताना ब्रेक सरकला असणार. ती बिचारी सकाळपासून ब्रेक लावूनच सायकल हाकत होती. दुरुस्तीला दोन मिनिटं लागली. ती निघाली ती अशी की आम्हाला पुन्हा दिसलीच नाही. आमच्या तासभर आधी पोचली म्हणे.

वाटेत मी काकांना विचारलं, तुम्हाला कसं कळलं? "मला काय कळणार? अगं, पाय फिरवत विचारलं तर समोरचा हो म्हणणारच. त्याला पण दिसतं ना, तू थांबणार नाहीस. पाय थांबवून विचारायचं."

मोहन्याच्या कडुलिंबाखाली मी चुकून का होईना, पाय थांबवून विचारलं होतं, हे मी त्यांना कधीच सांगितलं नाही. पोटरीचा गोळाही नाही. ते मला भली बाई समजत राहिले आणि मीही समजू दिलं.

तीन वर्षांपूर्वी काका-काकू मुलाकडे पुण्याला गेले. काकांच्या छातीत त्रास झाला, डॉक्टरांनी सायकल बंद केली. रविवारी सकाळी त्यांचा फोन येतो. तिकडे भाजीवाली त्यांचं मराठी ऐकून विचारते, तुम्ही यूपीचे का? सून हसते. "इथे सगळे मराठी बोलतात गं," काका म्हणतात, "पण आपल्यासारखं कुणी बोलत नाही."

गेल्या डिसेंबरात मी पुन्हा शिवपुरीच्या रस्त्याने गेले. तीन वेळा उतरले. दोघं खरंच ठीक होते. तिसरा पंक्चर होऊन बसला होता, जवळची जादा ट्यूब संपली होती, माझी दिली. वेळेच्या वीस मिनिटं आधी पोचले आणि तिथूनच काकांना फोन लावला. ते जेवत होते. कोण भेटलं, काय बिघडलं होतं, वारा कसा होता, सगळं खोदून खोदून विचारलं. मागून काकूंचा आवाज आला, भात गार होतोय. त्यांनी ऐकलं नाही. तो ट्यूबवाला कुठे थांबला होता, हे त्यांना नीट समजून घ्यायचं होतं. मी सांगत राहिले.