दाराशी बसलेली बनूमावशी

आधीच सांगून टाकतो, माझा अशा गोष्टींवर काडीचाही विश्वास नव्हता. लोणावळ्यात रेडिओ आणि टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवण्यात माझा जन्म गेला. डब्यातून आवाज का येतो आणि का बंद पडतो हे एकदा कळलं की माणसाला भुतंखेतं फारशी दिसत नाहीत. या सदरातले लोकांचे अनुभव मी नेमाने वाचतो आणि खरं सांगायचं तर निम्म्या वेळा हसतो. आता तुम्ही मला हसा... फिट्टंफाट.

गोष्ट सत्तरच्या दशकातली आहे. आपल्याकडे टीव्ही येऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. अख्ख्या लोणावळ्यात मोजके सेट होते, आणि तेही बहुतेक मुंबईवाल्यांच्या बंगल्यांत. तुंगार्लीच्या बाजूला असाच एक बंगला होता. मालक मे महिन्यात आणि दिवाळीत यायचे, एरवी धोंडूभाऊ माळी आणि त्याची बायको शेवंता मागच्या खोलीत राहून बंगला सांभाळायची. आमच्याकडचा पावसाळा म्हणजे भिंतीला हात लावला तर हात ओला. त्या दमटपणात सेट बिघडू नये म्हणून मी मालकांना सांगून ठेवलं होतं की आठवड्यातून निदान दोनदा टीव्ही तासभर चालू ठेवा, आत ऊब राहते. मालकांनी तो हुकूम धोंडूला दिला. त्यामुळे टीव्ही बघणं ही धोंडूची नोकरीच झाली म्हणा ना!

बुधवारी संध्याकाळी तेव्हा एक विनोदी मालिका लागायची. नाव मुद्दाम लिहीत नाही. चाळीतलं बिऱ्हाड — नवरा, बायको, सासरे आणि शेजारी, अशी चारच माणसं. पण सगळ्यांत लाडकी होती पाचवी, बनूमावशी. ती कधीच दिसायची नाही. स्वयंपाकघराच्या दाराला एक पडदा होता, त्या पडद्याकडे तोंड करून सगळे तिच्याशी बोलायचे. तिचं बोलणं आपल्याला ऐकूही यायचं नाही. नवरा म्हणायचा, "काय म्हणता मावशी? ...कोण, मी? ...मी जाड झालो?" आणि आपण हसून बेजार. एक शब्द न बोललेली, पदराचं टोकसुद्धा न दिसलेली बाई, पण लोक तिच्यासाठी बुधवार राखून ठेवायचे. आमच्या दुकानातसुद्धा गुरुवारी सकाळी चर्चा तिचीच.

एका गुरुवारी धोंडूभाऊ छत्री न घेताच दुकानात आला.

"मिस्त्री, मशिनीत काय बिघाड हाय का ते बगा. आय येड्यावानी करतीया."

त्याची आई ठकूबाई मूळची लोहगडवाडीची. म्हातारा गेल्यावर धोंडूने तिला इकडे आणलं होतं. तरुणपणी तापात कान गेले ते गेलेच, ढगांचा गडगडाटसुद्धा तिला छातीत कळायचा म्हणे, कानात नाही. बोलायची मात्र चांगलं. तर दर बुधवारी ती हॉलच्या दाराशी बसून टीव्ही बघायची, आणि आदल्या दिवशी मध्येच म्हणाली होती, "ती दाराशी बसलेली बाई कोन रं? समद्यांच्या हातात च्या हाय, तिला कोनीच देत न्हाई. लय वंगाळ माणसं."

"पडद्यावर चार माणसं, ही म्हणती पाच," धोंडू सांगत होता. "शेवंता भ्याली. तिचा भाऊ म्हणतो बाहेरचं हाय, म्हातारीला देवरुशाकडं न्या."

तो देवऋषी मला माहीत होता. मिरच्यांची धुरी आणि वेताची छडी, एवढीच त्याची विद्या. आदल्या वर्षी एका बाईला त्याच्याकडून उचलून सरकारी दवाखान्यात न्यावं लागलं होतं. ठकूबाईचं वय सत्तरीचं, हाडं उरलेली... मी हत्यारांची पेटी उचलली आणि निघालो.

सेट उघडला. व्हॉल्व्ह तपासले, पिक्चर ट्यूब बघितली. सगळं ठणठणीत! पण "सेट चांगला आहे" म्हटलं असतं तर म्हातारी वेडी ठरली असती, म्हणून मी ठोकून दिलं.

"धोंडूभाऊ, काही काळजी करू नका. हा घोस्ट आहे. आपल्याकडे फार दिसतो."

आमच्या धंद्यातला शब्द हो हा! डोंगरावर आपटून लहर दुसऱ्यांदा अँटेनात शिरते आणि चित्राशेजारी फिकट जोडचित्र दिसतं, त्याला मिस्त्री लोक घोस्ट म्हणतात. नागफणीच्या आसपासच्या डोंगरांमुळे लोणावळ्यात रोजचीच तक्रार. पण शेवंताचा भाऊ किसन तिथेच उभा होता. तो स्टेशनाजवळच्या हॉटेलात वेटर होता, साहेब लोकांत वावरलेला.

"दाजी," तो म्हणाला, "इंग्रजीत घोस्ट म्हंजी भूत. मिस्त्रीच सांगत्यात की!"

शेवंताने तोंडावर पदर घेतला. मी किती समजावलं, पण सुटलेला शब्द परत कसा घ्यायचा? पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी देवऋषीकडे न्यायचं ठरलंसुद्धा. मी वाचवायला गेलो आणि म्हातारीला स्वतःच्या हाताने त्या छडीपुढे उभं केलं. त्या रात्री जेवण गेलं नाही मला.

एक गोष्ट मात्र घरी आल्यावर डोक्यात शिरली आणि बाहेर निघेना. बनूमावशी आहे ती फक्त ऐकणाऱ्याला. संवाद ऐकले तर कळतं की आत कुणीतरी आहे. ज्याला ऐकूच येत नाही त्याला पडद्यावर चार माणसं, संपलं. मग ठकूबाईला पाचवी आहे हे कळलं कुठून? मी शेवंताला विचारलंही होतं, तुम्ही कुणी खुणांनी सांगितलं का? तर ती म्हणाली, "आवो, जेवायला चला म्हणून सांगायचं तर हात दुखत्यात. टीवीतलं कोन सांगत बसल?"

पुढच्या बुधवारी मी दुपारीच छपरावर चढलो आणि अँटेना मुद्दाम डोंगराकडे फिरवली. संध्याकाळी सगळ्यांना समोर बसवलं, किसनलाही. मालिका सुरू झाली आणि पडद्यावर प्रत्येक माणसाशेजारी त्याची फिकट जोडी! नवरा दोन, बायको दोन, सासऱ्यांच्या काठ्या दोन.

"हा बघा घोस्ट. नुसती सावली आहे. आईंना हीच दिसली."

मग धोंडूला छपरावर पाठवून अँटेना थोडी थोडी फिरवून घेतली. खिडकीतून मी ओरडायचो, "अजून... अजून... बास!" जोड्या विरल्या. पुन्हा फिरवली, पुन्हा आल्या. किसननेसुद्धा मान डोलावली. शेवंता पहिल्यांदा हसली. "म्हंजी यंतराचीच खोडी म्हना की. न्हाई न्यायचं मग आत्याबाईंना कुटं." मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू!

धोंडू अजून छपरावरच होता, जोडचित्रं पडद्यावर होती. तेवढ्यात ठकूबाईने माझी बाही ओढली. स्वतःच्याच कानांना न पोचणाऱ्या हळू आवाजात ती म्हणाली, "न्हाई बाबा. ही समदी सावली. पन ती बाई हायेच. दाराच्या पडद्याच्या अल्याड, पाटावर. आता तिचीबी सावली पडलीया." आणि दोन बोटं दाखवली मला. दोन.

मी टीव्हीकडे बघितलं. दारापाशी काहीसुद्धा नव्हतं. पण म्हातारीच्या डोळ्यांत वेड नव्हतं हो, आपण शेजारणीबद्दल सांगावं तसं ती सांगत होती. मी काय केलं? ओठांवर बोट ठेवलं. शेवंताकडे डोळ्यांनी दाखवलं, मान हलवली... सांगू नका. तिला कळलं. ती परत दाराशी जाऊन बसली. त्यानंतर ती त्या बाईबद्दल कधीच कुणाशी बोलली नाही. तिला छडीपासून वाचवलं हे खरं, पण गप्प बसवलंही मीच. आधीच त्या घरात तिच्याशी कोण बोलत होतं? तिने एका माणसाची विचारपूस केली आणि आम्ही सगळ्यांनी मिळून तिचं तोंड बंद केलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

अँटेना ठाकठीक करून द्यायला त्याच्या पुढच्या बुधवारी मी पुन्हा गेलो. बाहेर धो-धो पाऊस, दिवेलागणीची वेळ. शेवंताने चहा केला. पहिला कप मला, मग धोंडूला, मग किसनला, मग तिचा स्वतःचा. ठकूबाईला सगळ्यांत शेवटी, कान तुटलेल्या कपात, बशीसकट. इतक्या खेपा घातल्या होत्या मी त्या घरात, पण हे त्या दिवशी पहिल्यांदा नजरेत भरलं.

मालिका सुरू झाली. ठकूबाईने आपल्या कपातला अर्धा चहा बशीत ओतला, गुडघ्यावर हात देत उठली आणि बशी टीव्हीच्या खाली जमिनीवर ठेवली. मधोमध नाही, जरा उजवीकडे. त्या मालिकेतल्या स्वयंपाकघराचं दार पडद्यावर उजवीकडेच दिसायचं.

"आत्याबाई, पाय लागून सांडल की!" शेवंता ओरडली. ओरडून काय उपयोग?

आणि टीव्हीवरच्या बायकोने ट्रे आणला. सगळ्यांनी कप उचलले. नवरा दाराच्या पडद्याकडे वळून म्हणाला,

"बनूमावशी, चहा घ्या. ...नको? ...झाला? कुठे झाला? ...बशीतून?"

चाळीतली माणसं हसली. आमच्या हॉलमध्ये कुणी हसलं नाही. शेवंताचा कप ओठांशीच थांबला.

"कुणी दिला?" नवऱ्याने विचारलं. पडद्याकडे कान देऊन ऐकल्यासारखं केलं आणि म्हणाला, "बरं बरं... सांगू नका म्हटलंय, तर नका सांगू."

ठकूबाईला यातलं अक्षर ऐकू आलं नव्हतं. ती दाराकडे बघत होती, टीव्हीतल्या दाराकडे, आणि ओळखीच्या माणसाला आपण मान हलवतो तशी तिने मान हलवली.

बशीतला चहा जसाच्या तसा होता. मी वाकून बघितला, साय धरली होती. उगाच जास्तीचं काही सांगणार नाही.

तो भाग मुंबईत कुणीतरी आधीच लिहिला असणार, आधीच पाठ केला असणार. योगायोग म्हणा. मीही चार लोकांत योगायोगच म्हणत आलो. दुसऱ्या दिवशी सेट दुकानात आणून नट न नट सुटा केला, त्यात जे असायला हवं तेवढंच होतं. त्या संध्याकाळनंतर देवऋषीचं नाव मात्र त्या घरात निघालं नाही. पुढच्या बुधवारी गेलो तर शेवंताने पहिला कप सासूला दिला, आणि कान धड असलेला.

ठकूबाई दोन पावसाळ्यांनी गेली. मालिका त्याआधीच संपली होती. तिला ती बाई कशी दिसायची, लुगडं कोणतं, वय किती, हे विचारायचं माझ्या मनात अनेकदा आलं. पण बोट ओठांवर मीच ठेवलं होतं, मग कोणत्या तोंडाने विचारणार?

उत्तर मला अजूनही सापडलेलं नाही, आणि आता सापडेल असं वाटतही नाही. फक्त एक सवय लागली ती लागलीच. कुणाच्या घरी सेट बघायला गेलो आणि चहाचा कप माझ्या हातात आला, की मी आधी दाराकडे बघतो आणि विचारतो, "अजून कुणी राहिलंय का?"