तिसऱ्या दिवशी काढायचं कातडं

सत्तावन्न वर्षांची बाई कोकराच्या शेपटीखाली नाक घालून वास घेताना दिसली, तर परक्याला वाटेल, हिचं डोकं ठिकाणावर नाही. पण मेंढ्यांच्या धंद्यात नाकाइतकं खरं दुसरं काही नाही. मेंढी आवाजावरून पोराला लांबून ओळखेल, पण दूध द्यायची वेळ आली की मान वळवून आधी शेपटीखाली हुंगणार. वास आपला असला तर पोर आपलं. परका असला तर अशी ढुशी हाणते की कोकरू जाऊन फळीवर आपटतं. मेंढीला दयामाया शिकवायला जाऊ नये, तिथं भल्याभल्यांनी हात टेकलेत.

आसपासचे लोक तिला 'कोकरांची बाई' म्हणतात. तिच्याकडे साठ-सत्तर मेंढ्या आहेत. जनावरांचा डॉक्टर आला की म्हणतो, "बाई, तुमच्याकडे मी येतो ते लस टोचायला आणि चहाला. बाकी काही तुम्ही शिल्लक ठेवत नाही." खरंच आहे ते. मेंढीची पापणी उलटून आतला रंग पाहिला की पोटात जंत किती, हे ती सांगते. लाल असली तर ठीक, पांढुरकी दिसली तर आजच औषध. व्यायलेल्या मेंढीच्या कासेला हात लावून गरम आणि टणक भाग कुठं आहे ते शोधते. कोकरू जमिनीवर पडलं की नाळेला आयोडीन, नाकातोंडातला चिकटा बोटानं बाहेर, आणि तासाभराच्या आत पहिला चीक पोटात गेलाच पाहिजे. त्यात हयगय केली की पुढं कितीही धावपळ करा, उपयोग नाही.

तिची आई तिला छकू म्हणते. फक्त आईच. आणि सगळ्या दुखण्याचं मूळ तिथं आहे, कारण छकू हे तिचं नाव नव्हे. ते एका मेलेल्या मुलीचं नाव आहे. हिचं पाळण्यातलं लाडाचं नाव गोटी. ते आता आईखेरीज जिवंत कुणालाच माहीत नाही, आणि आईनं त्या नावानं तिला कधी हाक मारली नाही. आपण मात्र तिला गोटीच म्हणू. निदान आपण तरी.

छकू मावशीची मुलगी, म्हणजे गोटी आज जिला आई म्हणते तिची. सात वर्षांची असताना ती शेडमागच्या हौदात पडली. तेव्हा गोचिडी आणि खरूज जावी म्हणून मेंढ्यांना औषधाच्या पाण्यात बुडवून काढायचे. हौद लांबट, खोल, पाणी दुधासारखं गढूळ. मावशी फाटकाची कडी लावायला वळली, तेवढ्यात. पाण्यात काही दिसत नव्हतं, म्हणून शोधायला वेळ लागला. मावशी रडली नाही. ती जेवेना, बोलेना. नुसती शेडच्या दारात उभी राहून हाका मारायची, "छकू, छकू." असे दोन महिने गेले.

मावशीचा नवरा जन्माचा मेंढपाळ. त्याला एकच उपाय ठाऊक होता. मेंढीचं कोकरू मेलं की त्या मेल्या कोकराचं कातडं सोलायचं, चार पायांना चार भोकं ठेवायची आणि ते स्वेटरसारखं दुसऱ्या पोरक्या कोकराच्या अंगावर चढवायचं. मेंढी हुंगते, वास आपला लागतो, पान्हा सोडते. त्यानं बायकोच्या बहिणीकडची सहा पोरांतली चौथी उचलून आणली. गोटी तेव्हा सहा वर्षांची. घरात शिरायच्या आधी त्यानं तिला शेडमध्ये नेलं, तिचे कपडे काढले आणि उशीखाली ठेवलेला छकूचा फ्रॉक तिला घातला. न धुतलेला. त्या फ्रॉकला दुसऱ्या मुलीच्या घामाचा, खोबरेल तेलाचा वास होता. मग तिला पाठीवर हात देऊन आत ढकललं. मावशीनं तिला जवळ ओढलं, मानेत नाक खुपसलं आणि म्हणाली, "आलीस? जेवलीस का गं छकू?"

त्या माणसाला वाईट म्हणावं तर बायको वाचली. चांगला म्हणावं तर गोटीचं काय? ज्याचं त्यानं ठरवावं. माझं विचाराल तर, माणसानं माणसाला मेंढरू समजू नये.

स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या खुणा आहेत. छकूची उंची साडेतीन फुटांवर थांबली आणि तिथूनच पुढे गोटीची सुरू झाली. मध्ये काही नाही, एकाच मुलीची वाढ असावी तशी. वाढदिवस छकूच्या तारखेला. दुधाचा पेला छकूचा, काठाला पोचा आलेला. एकदा गोटीची जन्मदाती आई भेटायला आली आणि दारातूनच हाक मारली, "गोटे!" गोटी धावली. आत भांडी घासत बसलेली मावशी ताडकन उठली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "कोण गोटी?" तिनं विचारलं. "इथं कोणी गोटी नाही." जन्मदाती उभ्या उभ्याच परत गेली. त्या दिवसापासून गोटीनं मनाशी पक्की गाठ मारली, की आपण तोंड उघडलं तर ढुशी बसेल, आणि अशी बसेल की फळीवर आपटू.

तेव्हापासून छकू घरात होतीच. गोटी शेडमध्ये वाकली की मागं ओल्या पावलांचा आवाज व्हायचा, चप् चप्, आणि वळून पाहावं तर जमीन कोरडी. आरशात केस विंचरताना वाटायचं, खांद्यावरून कोणीतरी डोकावतंय आणि भांगाकडे बघतंय. मावशीच्या नवऱ्यानं मरण्याआधी हौद दगडमातीनं बुजवला, आता औषध मेंढ्यांच्या पाठीवर ओततात, तरी गोटी त्या चौकोनावर पाय देत नाही. ती भूत मानत नाही. डॉक्टरनं विचारलं असतं तर हसून उडवून लावलं असतं. पण फ्रॉक केव्हाच लहान होऊन गेला, आणि तो अंगावरून उतरला मात्र नाही.

आई आता एक्याऐंशी वर्षांची आहे. शेडच्या दारात खुर्ची टाकून, शालीत गुरफटून बसते. गेल्या दोन वर्षांत तिच्या डोक्यातलं एकेक निघून चाललंय. नवरा गेला हे विसरते, जेवलेलं विसरते, शेगडी विसरते. गोटीला रोज एकच भीती वाटते. आई जाईल, आणि आपल्याला आपल्या नावानं एकदाही हाक न मारता जाईल. मग गोटी म्हणून कोणी होती, हे सांगायला कोण उरणार? सांगावं तर जीभ रेटत नाही. न सांगावं तर दिवस भराभर संपत चाललेत. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

या वेळच्या वेतात कानफाटी नावाच्या मेंढीला मेलेलं कोकरू झालं. शेजारच्या कप्प्यात दुसरीला तीन झाली. मेंढीला सड दोन, त्यामुळं तिसरं कडेला थरथरत उभं. गोटीनं त्याला बाटलीनं चीक पाजला आणि कातडं सोलायला बसली. खुर्चीतून आई बघत होती. हे काम तिनंच शिकवलेलं.

"शेपूट नीट राहू दे गं छकू," आई म्हणाली. "सगळी गंमत शेपटीत आहे."

"हो आई."

कानफाटीनं हुंगलं, गुरगुरली, पुन्हा हुंगलं आणि उभी राहिली. कोकरू प्यायला लागलं. त्याची शेपटी वळवळताना पाहून आई टाळ्या वाजवून हसली.

कातडं तिसऱ्या दिवशी काढायचं असतं. तोवर नव्या कोकराच्या पोटात मेंढीचंच दूध गेलेलं असतं, त्याच्या अंगालाही तोच वास येऊ लागतो. गोटीनं आयुष्यात कधी चौथा दिवस उजाडू दिला नव्हता. या वेळी मात्र हात जाईना. कानफाटी संशयी आहे, आणखी एक दिवस राहू दे, असं ती स्वतःला सांगत राहिली. तिसरा गेला, चौथा गेला. पाचव्या दिवशी ऊन चढलं आणि शेडमध्ये कुजकट वास सुटला. कोकरू पाठ वाकवून कोपऱ्यात उभं होतं. पीत नव्हतं. अंगावर माश्या घोंघावत होत्या.

"कातडं काढलं नाहीस?" आई खुर्चीतून ओरडली. आवाज अगदी पूर्वीचा, खणखणीत. "तीन दिवस ठेवायचं. जास्त ठेवलं की आतलं पोर कुजतं. कुणी शिकवलं तुला?"

"तूच शिकवलंस आई."

"मग नुसतं चढवायला शिकलीस? काढायचं कुणी?"

 गोटीनं कात्री आणली. वाळून ताठ झालेलं कातडं पोटाखालून कापलं, पायांतून ओढून काढलं. आत कोकरू ओलसर, लोकर ठिकठिकाणी झडलेली, बगलेत लाल चट्टे पडलेले. तिनं जखमा पुसल्या, औषध लावलं आणि ते उघडंबोडकं पोर कानफाटीपुढं ठेवलं.

कानफाटीनं शेपटीखाली हुंगलं. मान वर केली. पुन्हा हुंगलं. एक पाय आपटला. गोटीनं फळी घट्ट धरली. मेंढीनं डोकं खाली नेलं, आणि बगलेतला चट्टा चाटायला सुरुवात केली.

गोटी उठली. तिच्या हातांना लोकर आणि औषध चिकटलेलं होतं. ती आईच्या खुर्चीपुढं जाऊन उकिडवी बसली.

"आई, मी छकू नाही."

"काय म्हणतेस?"

"मी गोटी. तुझ्या बहिणीची चौथी."

आता बसेल, असं वाटून तिनं डोळे मिटले. ढुशीची वाट ती गेली एक्कावन्न वर्षं पाहत होती. पण काही झालं नाही. शेडमध्ये मेंढ्यांचं रवंथ चालू होतं. मग आईनं अगदी हळू विचारलं, "मग माझी छकू कुठंय?"

हा प्रश्न गोटीच्या ध्यानीमनी नव्हता. आपल्याला ढकलतील, एवढीच भीती तिनं उराशी धरली होती. कातडं काढलं की ज्याचं कातडं ते पोर खरंच मेलं, हे कुणीतरी आईला सांगावं लागेल, आणि ते आपल्यालाच सांगावं लागेल, हे तिला सुचलंच नव्हतं.

"ती हौदात पडली, आई. फार वर्षं झाली. तू कडी लावायला वळली होतीस. तुझा दोष नव्हता."

आईनं शेडमागच्या त्या बुजलेल्या चौकोनाकडे पाहिलं. आणि मग ती रडली. ते रडणं बाईमाणसाचं नव्हतं. पोर हरवलेली मेंढी ज्या आवाजात हाक मारते, तो आवाज होता, आणि तो ऐकून कळपातल्या मेंढ्या खरोखर ओरडायला लागल्या. गोटीनं तिला धरून ठेवलं. आपण हे काय करून बसलो, म्हाताऱ्या जिवाला कशाला उकरलं, असं वाटून तिला स्वतःचीच चीड आली. ती आईबरोबर रडली. छकूसाठी रडायची तिची ही पहिलीच वेळ. सात वर्षांची पोर होती हो ती. हिनं तिचा जन्मभर राग केला होता.

दुपार टळल्यावर आई गप्प झाली. तिनं गोटीचं डोकं दोन्ही हातांनी ओढून घेतलं आणि टाळूवर नाक टेकवून बराच वेळ वास घेतला.

"वास तर आपल्याच घरचा आहे," ती म्हणाली. "नाव काय म्हणालीस?"

"गोटी."

"हं."

एवढंच. त्या दिवशी ती जेवली नाही. गोटीनं तिला आत नेऊन निजवलं. आपलं नाव आईच्या तोंडून आलंच नाही, ही हुरहुर घेऊन ती पुन्हा शेडमध्ये गेली. चट्ट्यांना औषध लावायचं होतं.

सकाळी ती कोकराला तपासत होती. रात्रभर प्यायलं असावं, पोट टम्म होतं. स्वयंपाकघराची खिडकी शेडमध्येच उघडते. तिथून आईची हाक आली.

"गोटे!"

गोटीच्या हातातली बाटली खाली पडली.

"गोटे, छकूलाही घेऊन ये गं. दोघी या. दूध निवतंय."

ती आत गेली. टेबलावर दोन पेले मांडले होते. एक काठाला पोचा आलेला. दुसरा नवा कोरा, कपाटाच्या मागून काढलेला, त्याच्यावरची धूळ आईनं पदरानं नीट पुसलीसुद्धा नव्हती. आई दोन्ही पेल्यांकडे समाधानानं बघत होती, दोन पोरी वेळेवर जेवायला आल्यावर बघावं तशी.

गोटी नव्या पेल्यापुढं बसली. मागं पावलं वाजली नाहीत, खांद्यावरून कोणी डोकावलं नाही. समोरची खुर्ची रिकामी होती, पण तितकी रिकामी नव्हती. तिनं आपलं दूध संपवलं. दुसरा पेला तिनं हलवला नाही.