धाकटीची वाकडी माणसं

साप्ताहिकाच्या कचेरीत थोरलीच्या हाताचा दबदबा होता. चित्रकथांच्या पानांवर शाई चढवता चढवता तिची बावीस वर्षं सरली होती. आधी फिकट निळ्या पेन्सिलीने चौकटी, मग माणसं. त्यावर टाकाने बारीक रेषा, ब्रशने जाड. शाई खडखडीत वाळली की खोडरबर, आणि शेवटी मार्करने छटा, फिक्याकडून गडदाकडे. एकही पायरी ती गाळायची नाही.

धाकटी बहीण नवऱ्यापासून वेगळी होऊन तिच्याकडे राहायला आली आणि ताईचे अर्धवट सुकलेले मार्कर घेऊन पाठकोऱ्या कागदांवर काहीबाही काढू लागली. त्यातला एक कागद चुकून थोरलीच्या पानांबरोबर कचेरीत गेला. छत्री उलटी झालेली बाई. नाक वाकडं, एक हात लांब, दुसरा आखूड. संपादक पोट धरून हसले.

"अहो, ही बाई आत्ता भांडायला येईल! कुणी काढली?"

थोरलीच्या पानांना ते आजवर 'सुबक' म्हणत आले होते. हसले मात्र कधीच नव्हते.

मग धाकटीला दर आठवड्याला एक पान मिळालं. वाचकांची पत्रं यायला लागली. धाकटी ती जेवताना मोठ्याने वाचून दाखवायची. "छान आहे हो," एवढंच थोरली म्हणायची, आणि ताट अर्धवट टाकून उठायची.

वर्धापनदिनाच्या अंकाचं मुखपृष्ठही धाकटीकडेच गेलं, तेव्हा थोरलीचा अगदी तिळपापड झाला. धाकटीने तीन दिवस खपून पेन्सिलीचं काम केलं. ऐन वेळी शाई संपली.

"ताई, ही नवी बाटली घेऊ?"

ती शाई वाळली तरी मार्कर लागताच पसरते, हे थोरलीला पक्कं ठाऊक होतं. गेल्याच आठवड्यात तिचं स्वतःचं एक पान त्यापायी वाया गेलं होतं.

"घे की," ती म्हणाली.

दुपारी धाकटीने पहिला मार्कर फिरवला आणि सगळे चेहरे काळ्या चिखलात गेले.

"माझंच चुकलं गं," धाकटी म्हणाली. "वाळूच दिली नसेल. तू किती वेळा सांगितलंस."

तिने आरोप केला असता, तर थोरली भांडली असती. हे मात्र तिला सोसवेना.

"तुझं नाही चुकलं. शाई पसरते ते मला माहीत होतं. मुद्दाम बोलले नाही."

"का?"

"माझ्या चित्रांना आजवर कुणी हसलं नाही म्हणून."

धाकटीने खराब झालेलं पान बाजूला सारलं. मग कोरा कागद काढून म्हणाली, "दोन दिवस उरलेत. पेन्सिल मी करते, शाई तू चढव. पण चेहऱ्यांना हात लावायचा नाही."

थोरलीने न पसरणारी शाई आणली आणि खुर्च्या, भिंती, जिने, गर्दीतल्या माणसांचे कपडे, सगळं मान मोडून पुरं केलं. मुखपृष्ठ वेळेवर छापलं गेलं. नावं दोघींची, आधी धाकटीचं.

"चेहरे काय झकास उतरलेत!" संपादक म्हणाले.

दोन महिन्यांनी धाकटीने जवळच वेगळी खोली घेतली. बोलणं तुटलं नाही, पण पूर्वीची मोकळीकही उरली नाही. थोरली अजूनही अंक आला की धाकटीचं पान भिंग लावून तपासते. एखादी रेष चुकलेली सापडली की तिचा दिवस बरा जातो.