घरचा आधार: नाही

मस्कतमधल्या एका भारतीय शाळेत मी नववी-दहावीला गणित शिकवते. आमच्या शाळेत एक तक्ता आहे, तो मी केलेला. कुणी सांगितलं नव्हतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

त्या वर्षी नववीच्या सहामाहीत बरीच मुलं गणितात गडगडली. कोण गडगडलं हे सगळ्यांना माहीत होतं; का गडगडलं, याच्याशी कुणाला देणंघेणं नव्हतं. मी आठवडाभर खपून प्रत्येक मुलाची एकेक ओळ भरली. वडिलांचं काम, घरची भाषा, राहण्याचं ठिकाण, गणिताचे गुण आणि शेवटी एक रकाना, 'घरचा आधार': आहे किंवा नाही. चित्र डोळ्यांत भरण्यासारखं होतं. मदिनत सुलतान काबूससारख्या श्रीमंत वस्तीतली, इंजिनीयर-डॉक्टरांची मुलं बहुतेक वर. दुकानात, गॅरेजात, गोदामात राबणाऱ्यांची मुलं बहुतेक खाली. मला वाटलं, हे दाखवलं की खालच्या मुलांसाठी शाळा सुटल्यावर तासभर जादा वर्ग मिळेल. मुख्याध्यापिकाबाईंनी तक्ता पाहिला आणि माझं फार कौतुक केलं. मी दोन दिवस तरंगत होते.

घरची भाषा मराठी अशा ओळी दोनच होत्या. एक माझ्या लेकीची. दुसरी अल हैलमधून बसने येणाऱ्या एका मुलीची. तिची माणसं रत्नागिरीकडची. वडील दूर सहम गावी शेतीचे पंप आणि पाइप विकणाऱ्या दुकानात नोकरीला, आठवड्यातून एकदा घरी यायचे. मायलेकींनी अल हैलमध्ये खोली घेतली होती ती केवळ या शाळेसाठी. मुलगी अबोल. मैत्रिणींशी इंग्रजीत बोलायची, माझ्याशी मात्र अडखळत मराठीत, "टीचर, मला ती सेकंड स्टेप नाही कळली." दुसऱ्या दिवशी तीच पायरी वहीत चार वेळा लिहून आणायची. प्रत्येक चाचणीत तिचे दोन-तीन गुण वाढत होते. ही दहावी पास होणार याबद्दल मला शंका नव्हती.

आणि सहामाहीत तिला माझ्या लेकीपेक्षा चार गुण जास्त होते.

तरीही लेकीच्या ओळीत मी 'आहे' लिहिलं. आमच्या इमारतीत एक सर शिकवणी घेतात, त्यांचा आधार. मी स्वतः दिवसभर परक्यांची मुलं शिकवून इतकी विटलेली असायचे की घरी वही उघडायला नको वाटायचं. त्या मुलीच्या ओळीत 'नाही' लिहिलं. पालकसभेला आई कधी आली नव्हती, एवढ्यावरून.

नववी संपत आली तेव्हा मुख्याध्यापिकाबाईंनी मला बोलावलं. टेबलावर माझाच तक्ता होता आणि त्यातल्या नऊ ओळी लाल केल्या होत्या.

"ये नौ बच्चे बोर्ड का रिझल्ट खराब करेंगे," त्या म्हणाल्या. "टेन्थ से पहले टीसी ले लें तो अच्छा है."

त्या मुलीची ओळ लाल होती. माझ्या लेकीची नव्हती. मी काही विचारायच्या आत बाईच म्हणाल्या, "आपकी बेटी को तो घर में सपोर्ट है ना." मग जराशा हसून, "वो मराठीवाली मदर को आप ही समझाइए. आपकी सुनेंगी."

कुणी सौदा केला नाही, पण मला तो कळला. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे मी इतरांना किती वेळा सुनावलं असेल! मी "जी मॅडम" म्हणाले.

आई आली. काळा बुरखा, हातात प्लास्टिकची फाइल, मुलीच्या सगळ्या उत्तरपत्रिका क्रमाने लावलेल्या. मी माझ्या सगळ्यात गोड मराठीत बोलले.

"भाभी, दहावी इथे जड जाईल तिला. गावी न्या. तिकडे सोपं पडेल."

"पण टीचर, मार्क तर वाढतायत ना तिचे?"

"वाढतायत. पण बोर्डाचं वेगळं असतं."

तिने वरची उत्तरपत्रिका काढून माझ्यापुढे ठेवली. "मी रोज बसते तिच्या बाजूला," ती म्हणाली. "मला इंग्लिश समजत नाय. पण ती लिहिते तोवर मी उठत नाय. भाकरीचं पीठ पण तिथंच बसून मळते."

माझ्या लेकीजवळ मी वर्षभरात एकदाही अशी बसले नव्हते. तो रकाना बदलायला मिनिट लागलं नसतं. मी म्हणाले, "ते ठीक आहे, भाभी."

"तुमी आपल्या मुलखातल्या," ती उठताना म्हणाली. "तुमी वाईट थोडंच सांगणार?" टीसीच्या अर्जावर मी बोट ठेवलं तिथे तिने सही केली.

पुढच्या वर्षी आमचा दहावीचा निकाल शंभर टक्के लागला. फाटकावर फलक लागला, शिक्षकांच्या खोलीत केक कापला. माझी लेक काठावर पास झाली होती. केक वाटणं चालू असतानाच फोनवर त्या आईचा व्हॉइस मेसेज आला. मी जिन्यात जाऊन ऐकला.

"टीचर, तुमची मुलगी पास झाली असं कळलं, मुबारक. आमची गावच्या शाळेत गेली होती, पण त्यांनी परत नववीतच बसवली. लहान पोरींत तिला लाज वाटायची, मग सोडली तिने. आता घरीच असते, शिवण शिकते. एक विचारू? ती तिथंच राहिली असती तर पास झाली असती का हो? रोज विचारते मला. तुमी सांगाल तेच खरं मानेल ती."

मी पाच-सहा वेळा बोलले आणि पुसलं. वर केकसाठी माझ्या नावाने हाका चालल्या होत्या. शेवटी मी म्हणाले, "नाही, भाभी. अवघडच होतं. बरंच झालं नेलंत ते."

उत्तर लगेच आलं.

"अल्लाचा शुकर. आता तिला सांगते. रडायची थांबेल."