कशावरून सर

डाळजच्या वस्तीवर आमचं घर पत्र्याचं. आबा दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर, आई उसाच्या खुरपणीला. बारामतीच्या कॉलेजात मी नाव घातलं, तेव्हापासून उसाचा हंगाम संपला की आबा हमालीला जायला लागले. त्यामुळं माझ्या शिक्षणावर कुणी संशय घेतला की मला झोंबायचं. आणि नशिबाला सर असे मिळाले, की उत्तर बरोबर आलं की त्यांचा संशय वाढायचा.

सर सोमेश्वरनगरकडचे. हजेरीला कुणी “हजर” म्हणालं, तरी मान वर करून विचारायचे, “कशावरून?” त्यावरून त्यांचं नाव ‘कशावरून सर’ पडलं.

शिकवण्यासाठी त्यांनी स्वतःच एक छोटी प्रोग्रॅमिंगची भाषा बनवली होती. तिच्यात मूल्यं चारच जातींची: संख्या, मजकूर, खरं-खोटं आणि रिकामं. बाकी काही आयतं नाही. साधं अधिकचं चिन्हसुद्धा वरच्या ओळीत नाव घेऊन आणावं लागायचं, तेही संख्येचं की मजकुराचं ते सांगून.

“सर, बेरीज बी मागून आणायची व्हय?” मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं.

“मग? संख्येची आणलीस तर दोन आन् तीन पाच. मजकुराची आणलीस तर दोनाला तीन चिकटून तेवीस. न बोलावता घरात शिरलेल्यावर मी भरवसा ठेवत न्हाय.”

शेवटच्या वर्षी मी त्याच भाषेत प्रकल्प केला. साखर कारखान्याच्या आवारात उसाच्या गाड्या नंबरानं उभ्या असतात. कुणाची पाळी आली ते दाखवणारा फलक. नऊ गाड्या घालून बघितल्या, फलक बिनचूक चालला. परीक्षेच्या दिवशी सरांनी तो बघितला आणि सगळ्यांसमोर विचारलं, “हे तूच लिहिलंस?”

नापास केलं तर पदवी गेली, हे मला कळत होतं. तरी तोंडातून गेलंच, “का सर? आमच्या वस्तीवरच्या पोरीला जमायचं नाही?”

खरं सांगते, मला जमेल का हा संशय माझ्याच मनात पहिल्या दिवसापासून होता.

“वस्तीचं कोण बोलतंय? पयल्या दणक्यात चाललं म्हणून विचारतोय. माझं सुदिक चाललं तर मी हेच विचारतो. दहावी गाडी घाल.”

घातली. दहा नंबर फलकावर एकच्या मागं आणि दोनच्या पुढं जाऊन बसला.

“आता दोनवाला ड्रायव्हर फलक फोडणार का तुला शोधणार?” सर म्हणाले आणि हाताची घडी घालून उभे राहिले.

दोन नंबरला आबा उभे आहेत असं डोळ्यांपुढं आलं आणि मी पुन्हा संगणकापुढं बसले. गाडीचे नंबर मी मजकूर म्हणून घेतले होते, आणि लहान-मोठं ठरवणारं चिन्हही मजकुराचंच आणलं होतं. ते अक्षर अक्षर बघतं. एकानं सुरू होणारा दहा त्याला दोनापेक्षा लहानच. नंबर संख्या केले, चिन्ह संख्येचं आणलं. दहा नंबर गुमान नऊच्या मागं गेला.

“दुसऱ्याचं असतं तर चूक सापडली नसती,” सर म्हणाले. “तूच लिहिलंयस. बस.”

त्याच वर्षी सर निवृत्त झाले. निकालाच्या दिवशी पास झाल्याचं सांगायला मी त्यांना फोन केला.

“स्वतःच्या डोळ्यानं बघितलास?”

“बघितला सर.”

“नाव तुझंच हाय?”

“माझंच आहे.”

“मग ठीक हाय,” म्हणाले, आणि पहिल्यांदाच पुढं काही विचारलं नाही.

मी संगणकशास्त्राची पदवी पहिल्या वर्गात मिळवली. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली.