वेरिबीतलं टेकाड

अजितच्या बायकोचा, सुनीताचा फोन आला तेव्हा मी क्लेटन उपनगरातल्या माझ्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप मांडून ऑफिसच्या मीटिंगमध्ये होतो. "अजित गेला," ती म्हणाली. "जेवून उठला, छातीत दुखतंय म्हणाला, अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत..." लॅपटॉपवर मॅनेजर मला काहीतरी विचारत होता. मी 'नो वरीज' म्हणून मीटिंग सोडली. नो वरीज! सवयीने तोंडातून गेलेले ते शब्द अजून टोचतात.

अजित माझा पुण्यातला, कॉलेजपासूनचा मित्र. दोघेही एकाच सुमारास 'दोनच वर्षांसाठी' ऑस्ट्रेलियात आलो आणि राहिलो. अजितची नोकरी आयटीतली, पण वेड नॉर्मन लोकांचं. शिवकाळावर तासन्‌तास बोलणारे पुण्यात पैशाला पासरी. हा पठ्ठ्या हजार वर्षांपूर्वीच्या फ्रान्समध्ये रमलेला. उत्तरेकडून गलबतांतून लुटालूट करायला आलेली ही माणसं. राजाने कटकट मिटवायला जमीन दिली, तर तिथलीच होऊन बसली. बायका तिथल्या, देव तिथला, नातवंडांची भाषाही तिथली. पुढे त्यांनी इंग्लंड जिंकलं, सिसिली घेतली, इंग्रजांच्या तोंडात कोर्ट न्‌ जज हे शब्द घातले, आणि स्वतः मात्र त्या त्या मातीत मिसळून संपले. अजितची मुलगी तारा मराठी प्रश्नाला इंग्रजीत उत्तर द्यायची, तेव्हा तो हसून म्हणायचा, "बघ, झालो आपण नॉर्मन!" ते हसू वरवरचं असायचं, हे मला कळायचं.

पहिल्या लांबलचक लॉकडाऊननंतरच्या दिवाळीत त्याने शहराच्या दुसऱ्या टोकाला, वेरिबीतल्या आपल्या घराच्या मागच्या अंगणात किल्ला केला. आपल्याकडे मुलं करतात तसाच दिवाळीचा किल्ला, पण नॉर्मन पद्धतीचा. गोल खंदक खणायचा, त्याचीच माती मध्ये टाकून टेकाड उभारायचं, आणि वर लाकडी मनोरा. मनोरा आइसक्रीमच्या काड्यांचा होता. वेरिबीची चिकट माती खणताना त्याच्या हाताला फोड आले. पुण्याहून त्याच्या आईने, काकूंनी, व्हिडिओ कॉलवर किल्ला पाहिला आणि विचारलं, "महाराज कुठायत?"

"आई, नॉर्मन किल्ला आहे हा."

"असू दे. महाराजांशिवाय किल्ला असतो का कुठे?"

शेवटी ताराने पुठ्ठ्यावर महाराज रंगवून मनोऱ्यात बसवले. पेरलेली मोहरी उगवली, टेकाड हिरवंगार झालं. मी गेलो तेव्हा अजित मला ते कौतुकाने दाखवत होता. "जिंकलेल्या मुलखात घाईघाईने उभारायचे रे हे, तात्पुरतं. लाकूड कधीच कुजून गेलं, पण यांची टेकाडं अजून आहेत. तात्पुरतं म्हणून केलेलंच राहून जातं बघ." मी चहा पीत नुसतं हं हं केलं.

यंदा काकू घसरून पडल्या, मांडीचं हाड मोडलं. घरात एकट्या. अजितला जायचं होतं, पण कोरोनामुळे देशाबाहेर पडायलाही सरकारची परवानगी लागत होती. अर्ज केला, आणखी कागद मागितले. ते दिले, तर नकार आला. त्याने पुन्हा अर्ज केला. रोज फोनवर काकूंना सांगायचा, "येतो आई, या महिन्यात नक्की येतो." त्या अर्जाचं उत्तर त्याच्या हयातीत आलंच नाही.

पुन्हा लॉकडाऊन लागला होता. अंत्यविधीला दहाच माणसांना परवानगी होती, आणि घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे मला जाता येत नव्हतं. मी स्क्रीनवर पाहिलं. काकूंनीही पुण्यात अंथरुणावरून पाहिलं. नंतर त्यांनी मला फोन केला. "इतकी वर्षं राहिला तिथे, आणि एवढीच माणसं आली रे?" मी नियम समजावून सांगितला. "हो का..." म्हणाल्या. त्यांना ते पटलं नाही. माझा मुलगा परक्या गावात कुणाचाच नव्हता, हेच त्यांच्या मनात बसलं.

निर्बंध उठले तेव्हा दिवाळी तोंडावर आली होती. विमानं सुरू झाली की सुनीता ताराला घेऊन कायमची पुण्याला काकूंकडे जाणार आहे. घर भाड्याने द्यायचंय, आणि अंगण सपाट हवं असं एजंटचं म्हणणं पडलं. म्हणून मी गेलो. मनोरा पडला होता, पुठ्ठ्याचे महाराज ताराने आधीच बॅगेत ठेवले होते. टेकाडावर गवत माजलं होतं. अजितचंच फावडं घेतलं. इंग्लंडातली टेकाडं हजार वर्षं टिकली म्हणे. हे मला दुपारचा चहा व्हायच्या आत मोडता आलं. सगळी माती परत खंदकात लोटली, तरी खंदक पुरता भरला नाही. काही माती पावसाने नेली असावी.

तेवढ्यात तारा फोन घेऊन बाहेर आली. "काका, आजी वॉन्ट्स टु सी द फोर्ट."

मी काकूंना नमस्कार केला. किल्ला आत्ताच मोडला, हे खरं तेच सांगितलं आणि फोन अंगणाकडे वळवला.

काकूंनी विचारलं, "सगळं सपाट झालं का रे?"

"हो, काकू."

"मग आता तो तिथे राहत होता, हे कशावरून कळायचं?"

मी फोन ताराकडे दिला आणि फावड्याच्या पाठीने माती थोपटत राहिलो.