रेघ जागेवर, नट सैल

आधीच सांगून टाकते, भुतंखेतं, देवचार, राखणदार यातलं मला काहीही पटत नाही. त्या दिवसाआधी नव्हतं आणि आजही नाही. खाली "ताई, नारळ ठेवा" असं लिहिणाऱ्यांनी आपली बोटं झिजवू नयेत... मी हे लिहितेय ते भीतीने नाही, रागाने.

तळेऱ्याहून विजयदुर्गच्या रस्त्याला लागलं की आमचं गॅरेज आहे. बाबांनी सुरू केलं, आता मी चालवते. माझा नवरा सुहास आमची जुनी फोर-व्हील ड्राइव्ह जीप घेऊन कातळाच्या उघड्या सड्यापलीकडच्या बागांतून आंब्याचे क्रेट खाली आणतो. तिथे साधी गाडी चढतच नाही. आणि उतार असला भयंकर, की एका अंगाला चिऱ्याची जुनी खाण आ वासून पडलेली. चाक निसटलं तर माणूस थेट खाणीत.

म्हणून या जीपचे नट मी अंदाजाने आवळत नाही. "मार अजून एक पिळा" हा आमच्याकडचा लाडका हिशोब! अरे, जास्त पिळलं तरी बोल्ट ताणून तुटतो. पुस्तकात चाकाच्या नटांना एकशे दहा न्यूटन मीटर दिलंय, तर एकशे दहाच. टॉर्क पाना त्या आकड्यावर लावायचा, समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळायचे, पाना 'कट्' वाजला की थांबायचं. मग नटावरून रिमवर पिवळ्या रंगाची रेघ ओढायची. नट जरा जरी फिरला तर रेघ तुटते, लांबून दिसते.

त्या वेळी मी जीपला नवे मोठे टायर चढवले होते. चारही चाकं स्वतः आवळली, रेघा ओढल्या, सुहास बाजूलाच उभा होता. जीप रात्रभर कुलपात होती. सकाळी टायर कसे चालतात ते बघायला मीही बरोबर निघाले.

खाणीकडचा तो रस्ता लागायच्या आधी काजूच्या झाडाखाली राखणदाराचा, म्हणजे वाट राखणाऱ्या देवाचा, दगड आहे. प्रत्येक ड्रायव्हर तिथे थांबून विडी ठेवतो. सुहासही.

"एक विडी ठेवतंय गो, मगे जाव्या."

"काय नको. गाडी माझ्या पान्यान आवळलेली आसा, विडीन नाय."

तो हसला आणि तसाच पुढे निघाला. दगड ओलांडला न् ओलांडला... इंजिन बंद! ना धक्का, ना गचका. हॉर्न वाजत होता, टाकीत डिझेल होतं, स्टार्टर फिरत होता, पण इंजिन उचलेचना. मी शिव्या घालत उतरले. बॉनेटकडे जाताना सवयीने पुढच्या डाव्या चाकाच्या नटावर हात ठेवला आणि तो फिरला.

बोटाने फिरला हो! मग दुसरा बघितला, मग तिसरा... त्या चाकाचे सगळेच सैल. आणि मी हात लावेपर्यंत प्रत्येकावरची पिवळी रेघ सरळ, अखंड. माझ्या डोळ्यांदेखत, माझ्याच बोटाखाली ती तुटली. बाकीची तीन चाकं मात्र घट्ट.

रिमवरचा रंग किंवा गंज दबला की नटाचा ताण थोडा कमी होतो, हे मलाही कळतं. पण बोटाने फिरण्याइतका? कुणी खोडसाळपणा केला म्हणावं, तर रेघ न तोडता नट सोडवला कसा?

मी पान्याने पुन्हा सगळे आवळले. सुहासने किल्ली फिरवली. पहिल्या झटक्यात इंजिन सुरू! तो पांढराफटक पडला होता. खाणीकडे बघत एवढंच म्हणाला, "आता आपण खंय असतलंव गो?"

गावात बातमी पोचायला कितीसा वेळ! बाबा म्हणाले, "राखणदारान वाचयल्यान. जा बाय, नारळ ठेव." मी म्हटलं, वाचवायचंच होतं तर नट सैल कुणी केले, त्यालाच विचारा. आणि चहाच्या टपरीवर दुसरंच: "बायलमाणसाचो हात, पुरलो नसतलो." दोन गिऱ्हाइकं तर दुरुस्तीला लावलेल्या गाड्या परत घेऊन गेली.

म्हणजे बघा, माझ्यासाठी दोनच वाटा ठेवल्या लोकांनी. राखणदार खरा म्हणायचं, की माझी अब्रू वाचली. नाहीतर "चुकून राहिले हो" म्हणायचं. मी दोन्ही म्हणणार नाही! पाना तपासून आणला, अचूक निघाला.

नंतरच्या खेपेला निघताना टपरीवाल्याने सुहासला हटकलं, "दुसरीकडे नट तपासून घे रे." मी रस्त्यापलीकडून ऐकत होते. सुहास म्हणाला, "माझी बायल आवळता तीच गाडी मी चलयतंय."

आणि गेला. तो परत येईपर्यंत मला एक काम सुचलं नाही. क्रेट उतरवायच्या आधी मी चाकाशी बसले, एकेक नट बघितला. सगळे घट्ट. मग तिथेच, सगळ्या टपरीसमोर, ढसाढसा रडले. बघा म्हटलं, काय बघायचं ते!

ते नट कशाने सैल झाले, इंजिन कुणी थांबवलं, मला खरंच माहीत नाही. कुणाकडे उत्तर असेल तर सांगा. फक्त "तुम्ही आवळले नसतील" असं सांगू नका. मी आवळले होते.